गाळणी काढून गाऱ्हाणे मिटत नाही

(वाहतूक क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजच्या अभ्यासवर्गासाठी मला देण्यात आलेला विषय वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटेल. डिझेलवर चालणाऱ्या वाहनांना धुराचे नियंत्रण करणारी जी उपकरणे कारखान्यातच बसवलेली असतात, ती काढून टाकण्याची मुभा वाहनमालकाला असावी की नसावी, असा हा वाद आहे. तो सर्वांत कडाक्याने झाला तो अमेरिकेत, आणि तेथे तो अजून मिटलेला नाही. मोठ्या ट्रकना काजळीची गाळणी तेथे २००७ पासून आली आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर कठोर मर्यादा २०१० पासून आली. आपल्याकडे भारत स्टेज सहाची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि तेव्हापासून ही उपकरणे सरसकट दिसू लागली. आपण ज्या वाटेवर आता पाऊल टाकले आहे, तीवर ते आपल्या दहा-बारा वर्षे आधी चालले आहेत. त्यांच्या अनुभवाचा हिशेब मांडणे म्हणूनच आपल्या उपयोगाचे आहे.

परंतु हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो आणखी एका कारणाने. या वादात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी आहेत. एका बाजूला कर्ज काढून एकच गाडी घेतलेला आणि ती स्वतःच चालवणारा मालक-चालक आहे. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचा हप्ता चुकतो. दुसऱ्या बाजूला नाक्यावर भाजीची हातगाडी लावणारी बाई आहे, टोलनाक्याच्या खिडकीत आठ-आठ तास बसणारा मुलगा आहे, महामार्गालगतच्या वस्तीत वाढणारी पोरे आहेत, आणि दिवसभर इंजिनाशी तोंड लावून काम करणारा मिस्त्रीही आहे. एकाच्या पोटाचा प्रश्न दुसऱ्याच्या श्वासाच्या आड येताना दिसतो. अशा वेळी संघटनेने कोणती भूमिका घ्यावी?

माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचन तपासून घेणे तुम्हांला सोपे जाईल. गाळणी काढून टाकण्याची मागणी आपण कधीही उचलून धरता कामा नये. मात्र ही गाळणी सांभाळण्याचा सारा भार एकट्या चालकाच्या गळ्यात बांधला जात असताना जी संघटना गप्प बसते, तिला त्या चालकापुढे शुद्ध हवेवर प्रवचन करण्याचा अधिकार पोचत नाही.

ही उपकरणे करतात काय?

डिझेलच्या इंजिनातून दोन मुख्य उपद्रव बाहेर पडतात. एक काजळीचे सूक्ष्म कण आणि दुसरा नायट्रोजनची ऑक्साइडे. काजळी रोखण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घडण असलेली, चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची गाळणी बसवतात. तिला डीपीएफ म्हणतात. तीत साचलेली काजळी अधूनमधून सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत जाळून टाकावी लागते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर दोन उपाय आहेत. पहिला ईजीआर. त्यात धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून आतील तापमान उतरवले जाते, कारण ही ऑक्साइडे अतिउष्णतेतच निर्माण होतात. दुसरा एससीआर. त्यात शेकडा ३२.५ युरिया असलेले पाणी धुरात फवारतात आणि त्या वायूंचे निरुपद्रवी नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर होते. आपले ड्रायव्हर ज्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात, तो हाच.

या सर्वांवर गाडीतील संगणकाची देखरेख असते. बिघाड आढळला किंवा युरिया संपला की तो आधी दिवा लावून इशारा देतो, मग इंजिनाची ताकद कमी करतो, आणि अखेर गाडी जेमतेम सायकलच्या वेगाने रखडू लागते.

उपकरणे काढणे म्हणजे काय, तेही समजून घेऊ. डबा कापून आतील गाळणी फोडून काढायची आणि पोकळ डबा पुन्हा वेल्डिंग करून जागच्या जागी बसवायचा, म्हणजे खालून वाकून पाहणाऱ्याला सारे जेथल्या तेथे दिसते. ईजीआरची वाट पत्र्याने बंद करायची. युरियाच्या जागी एक लहानसे विजेचे उपकरण जोडायचे, की संगणकाला युरिया फवारला जात असल्याचा भास होतो. आणि शेवटी संगणकाची आज्ञावलीच बदलून त्याला खोटी साक्ष द्यायला लावायचे. अमेरिकेत या कामाचा मोठा व्यापार उभा राहिला आणि तो उघड जाहिराती देऊन चालला. तो बेकायदा होता, यात शंका नाही. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या चौकटीत उपकरणांशी छेडछाड करण्यास बंदी होती आणि १९९० च्या दुरुस्तीने अशी फसवी साधने बनवणे व विकणे हाही गुन्हा ठरला होता.

गाऱ्हाणे खोटे नाही

मित्रहो, ही कामे करून घेणाऱ्यांत काही हौशी आणि मस्तवाल लोक आहेत. मुद्दाम काळ्या धुराचे लोट सोडून सायकलस्वारांच्या आणि निदर्शकांच्या तोंडावर टाकण्याचा प्रकार तेथे इतका बोकाळला, की न्यू जर्सी राज्याला २०१५ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या मंडळींसाठी आपला वेळ खर्च करण्याचे कारण नाही. परंतु उपकरणे काढणारे सगळेच तसले आहेत असे म्हणणे सोयीचे असले, तरी खरे नाही.

काजळी जाळण्यासाठी गाडी बराच वेळ एका लयीत, वेगाने धावावी लागते. शहरात कचरा उचलणारी गाडी, दुकानोदुकानी माल टाकणारा टेम्पो, दर दोनशे पावलांवर थांबणारी बस यांना ते जमत नाही. मग गाळणी तुंबते. एखादा संवेदक निकामी होतो आणि इंजिन धडधाकट असूनही भरलेला ट्रक घाटात ताकद सोडतो. दुरुस्ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला करता येत नाही, कारण दोष वाचणारी आणि तो पुसणारी आज्ञावली कंपनीने आपल्या अधिकृत वर्कशॉपपुरती कुलूपबंद ठेवलेली असते. वर्कशॉप शंभर किलोमीटरवर आणि तेथे दोन दिवसांची रांग. गाडीत टोमॅटो असला तर तो हिशेब कोणी कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

अमेरिकेतील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे हेच आहे. ऐन सुगीत ट्रॅक्टर बंद पडतो आणि तो दुरुस्त करण्याची किल्ली कंपनीच्या खिशात असते. जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघराज्याच्या व्यापार आयोगाने जॉन डिअर या बलाढ्य कंपनीविरुद्ध दुरुस्तीवरील मक्तेदारीबद्दल दावा दाखल केला. म्हणजे हे गाऱ्हाणे सरकारी यंत्रणेलाही दखल घेण्याजोगे वाटले. युरियाची गोष्टही तशीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने युरियाच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि पाहता पाहता दक्षिण कोरियातील ट्रकवाल्यांवर युरियाच्या डब्यासाठी वणवण करण्याची पाळी आली. कोरियातील चालकाने त्यात कोणता अपराध केला होता?

तेव्हा गाऱ्हाणे खरे आहे. प्रश्न आहे तो त्यावर सुचवल्या जाणाऱ्या उपायाचा.

उपायाची किंमत

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये या व्यापाराचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार आधीच्या सुमारे दहा वर्षांत ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची उपकरणे काढण्यात आली होती. देशातील अशा गाड्यांपैकी हा वाटा शेकडा १५ च्या घरात जातो. या गाड्यांमुळे त्यांच्या आयुष्यभरात नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ५,७०,००० टनांची आणि सूक्ष्म कणांची ५,००० टनांची जादा भर हवेत पडेल, असा हिशेब त्या संस्थेने केला. साडेपाच लाख गाड्यांनी केलेली ही घाण नियमात बसणाऱ्या ९० लाख जादा गाड्या रस्त्यावर आणल्यासारखी होती. आणि या आकड्यांत फक्त पिकअप होत्या, मोठे ट्रक त्यात धरलेलेच नव्हते.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. ‘माझ्या गाडीतून धूर दिसतो का? मग बोंब कशाची?’ असा प्रश्न आपल्यालाही अनेकदा विचारला जाईल. नायट्रोजनची ऑक्साइडे बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि काजळीचे जे कण फुप्फुसात सर्वांत खोल जातात ते इतके बारीक असतात की त्यांचाही धूर दिसत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून पुढे हवेतच ओझोन आणि आणखी सूक्ष्म कण तयार होतात. ‘नेचर’ या नियतकालिकात मे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगातील अकरा मोठ्या बाजारपेठांचा विचार केला, आणि त्यांत भारतही होता. डिझेल वाहने प्रमाणित मर्यादेपेक्षा प्रत्यक्ष रस्त्यावर जी अधिक ऑक्साइडे सोडतात, तेवढ्या जादा प्रदूषणामुळेच २०१५ साली सुमारे ३८,००० माणसे अकाली मृत्यू पावली, असा त्याचा निष्कर्ष होता.

कामगारांच्या देहांची साक्ष

डिझेलचा धूर घातक आहे हे आपल्याला कळले कोठून? हे ज्ञान कामगारांच्या देहांवरून मिळाले आहे, आणि आपल्या चळवळीने ते विसरता कामा नये.

१९९० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनच्या निवृत्तिवेतनाच्या दफ्तरातील मृत्यूंच्या नोंदी त्यासाठी तपासण्यात आल्या होत्या. दीर्घकाळ डिझेल ट्रक चालवलेल्या माणसांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. युनियनने पेन्शनसाठी ठेवलेले रजिस्टर असे विज्ञानाचा पुरावा बनले. पुढे आठ खाणींतील १२,३१५ कामगारांचा प्रदीर्घ अभ्यास झाला. या खाणींत भूमिगत यंत्रे डिझेलवर चालत. ज्यांनी बंदिस्त बोगद्यांत सर्वाधिक धूर गिळला होता, त्यांच्यात या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. हा अभ्यास मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. इतका उशीर होण्यामागे एक कारण असे की खाणमालकांच्या गटाने तो रोखून धरण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टकज्जे केले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जून २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या वर्गात घातले.

म्हणून जो चालक ‘गाळणी काढली, माझी कटकट गेली’ असे म्हणतो, त्याला आपण सांगितले पाहिजे: बाबा रे, या धुराचा पहिला घास तूच आहेस. ढाब्यावर गाडी चालू ठेवून केबिनमध्ये झोपणारा तू, बंदराच्या रांगेत पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमागे चार-चार तास उभा राहणारा तू, आणि वर्कशॉपच्या खड्ड्यात उतरणारा तुझा मिस्त्री. मालवाहतूक कंपनीचा संचालक त्या रांगेत नसतो.

पहिली चोरी कोणाची?

आता या कहाणीची दुसरी बाजू पाहू. उपकरणे निकामी करण्याची विद्या गॅरेजवाल्यांनी शोधून काढली, असा समज पसरवला जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ती विद्या मोठ्या प्रमाणावर वापरली ती कारखानदारांनी, आणि तीही गाडी विकण्याच्या आधी.

ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने ट्रकची इंजिने बनवणाऱ्या सात बड्या कंपन्यांशी तडजोड केली. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनॉ आणि व्होल्व्हो ही त्यांची नावे. आरोप असा होता की सुमारे १३ लाख इंजिनांत अशी आज्ञावली होती, की परीक्षेच्या वेळी इंजिन शहाण्यासारखे वागे आणि महामार्गावर सलग धावू लागले की इंधन वाचवण्यासाठी नियंत्रण सैल सोडी. सारी तडजोड १०० कोटी डॉलरहून मोठी होती. त्यातील प्रत्यक्ष दंड होता ८ कोटी ३४ लाख डॉलर. त्यानंतर सतरा वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील अभ्यासकांच्या एका लहान गटाने गाड्या प्रयोगशाळेबाहेर काढून रस्त्यावर तपासल्या होत्या, त्यातून त्याचा सुगावा लागला. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती आणि काही गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत ऑक्साइडे सोडत होत्या. आणि डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मान्य केला. स्वच्छ हवा कायद्याखालील तो तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड. आरोप होता की रॅम पिकअपच्या सुमारे ६,३०,००० इंजिनांत फसवी आज्ञावली घातली होती. कंपनीने गैरकृत्य कबूल केले नाही, दंड मात्र भरला.

ही नावे आपल्याला परकी नाहीत. कमिन्स १९६२ पासून पुण्यात आहे. जुने कामगार तिला अजून किर्लोस्कर कमिन्स म्हणूनच ओळखतात. वर सांगितलेले प्रकरण अमेरिकेतील गाड्यांचे आहे, पुण्यातील इंजिनांचे नव्हे, हे मी स्पष्ट करतो. फोक्सवॅगनचा मात्र आपल्याशी थेट संबंध आला. तिचा कारखाना चाकणला आहे. भारतातील तिच्या गाड्यांची तपासणी केली ती पुण्याच्याच एआरएआय या संस्थेने, आणि त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि दोनच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला अटकाव केला.

या प्रकरणांत मूठभर अधिकारी तुरुंगात गेले हे खरे आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये फोक्सवॅगनच्या एका व्यवस्थापकाला सात वर्षांची शिक्षा झाली. परंतु एकूण नियम असाच दिसतो की कंपनीची लबाडी ‘तडजोडी’त मिटते आणि गॅरेजवाल्याची लबाडी ‘गुन्हा’ ठरते. कष्टकऱ्याच्या मनात या कायद्याविषयी जो तिटकारा आहे, त्याचे मूळ या विषमतेत आहे. ते समजून न घेता त्याला नुसते निसर्गद्रोही ठरवणे, हा आपल्या शहरी मित्रांचा आवडता दोष आहे.

स्वच्छ ट्रकचे कर्ज कोणाच्या डोक्यावर?

एक उदाहरण आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे असे आहे. लॉस एंजेलिसच्या बंदराभोवती गरीब वस्त्या आहेत आणि कंटेनर वाहणाऱ्या जुन्यापुराण्या ट्रकच्या धुराने त्या गुदमरत होत्या. टीमस्टर्स युनियन आणि पर्यावरणवादी संघटना एकत्र आल्या आणि बंदराने १ ऑक्टोबर २००८ पासून स्वच्छ ट्रकची योजना सुरू केली. १९८९ पूर्वीचे ट्रक त्या दिवसापासून बंद झाले. २००७ च्या मानकांत न बसणारे सारे ट्रक २०१२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले.

या योजनेत एक दूरदृष्टीचे कलम होते. वाहतूक कंपन्यांनी चालकांना आपले पगारी नोकर म्हणून ठेवावे, म्हणजे नव्या ट्रकची आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी कंपनीवर येईल. कंपन्यांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने नेमके हेच कलम रद्द केले. नवे ट्रक आले, बंदरावरचा धूर खूपच घटला, पण कागदोपत्री ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असलेल्या चालकांच्या गळ्यात त्या ट्रकचे भाडेकरार पडले. दिवसभर राबून हप्ते कापल्यावर हाती जवळजवळ काही उरत नाही, अशा त्यांच्या कहाण्या पुढे अमेरिकी वृत्तपत्रांनीच छापल्या.

हवा स्वच्छ झाली ती चालकाच्या मजुरीतून. अशा चालकाकडे कोणी येऊन म्हणाला, ‘थोडे पैसे दे, ही सारी कटकट काढून देतो,’ तर त्याला मोह पडणारच. न्हावा शेवाच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या चालकाची स्थिती याहून फारशी निराळी नाही.

दोन वाटा

२०२५ साली अमेरिकेत या प्रश्नाने दोन वाटा घेतल्या. त्या नीट वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली वाट अशी. ऑगस्ट २०२५ मध्ये पर्यावरण संस्थेने सूचना काढली की २०२७ पासूनचे नवे डिझेल ट्रक युरिया संपताच एकाएकी ताकद गमावणार नाहीत अशा बेताने बनवले जावेत, आणि रस्त्यावर असलेल्या गाड्यांतही कंपन्यांनी आज्ञावली बदलून चालकाला अधिक अवधी द्यावा. घाटात अडकलेल्या माणसाचे गाऱ्हाणे त्यामुळे बरेच हलके होते आणि एससीआर मात्र जागेवर राहते. सध्याच्या अमेरिकी सरकारच्या पर्यावरणविषयक धोरणावर माझा काडीचाही विश्वास नाही. तरीही ही सूचना रास्त आहे, हे मान्य करायला हवे.

दुसरी वाट वायोमिंगच्या सिनेटर सिंथिया लुमिस यांच्या विधेयकाची. वाहनांवर अशी उपकरणे बसवण्याची सक्तीच संघराज्य सरकारला करता येऊ नये आणि यापूर्वी झालेल्या शिक्षाही पुसल्या जाव्यात, असा त्याचा आशय आहे. आणि त्याला नाव दिले आहे डिझेल ट्रकच्या ‘मुक्ती’चे! याच सुमारास, नोव्हेंबर २०२५ मध्ये, उपकरणे काढल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका मिस्त्रीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. तो मिस्त्री सुटला याचे मला दुःख नाही. परंतु एका मिस्त्रीच्या हालांचे भांडवल करून साऱ्या इंजिन-कारखानदारांना मोकळे सोडायचे, हा डाव ओळखला पाहिजे. १९९८ पासून ज्यांनी तीन-तीनदा दंड भरले, त्यांनाच या ‘मुक्ती’चा सर्वांत मोठा लाभ होणार आहे. भाजीवालीच्या फुप्फुसांची मुक्ती त्या विधेयकात कोठेही नाही.

तेथील नागरिकांनी तिसरेही काही करून दाखवले, ते सांगितले पाहिजे. यूटा राज्यातील डॉक्टरांच्या एका संघटनेने दूरचित्रवाणीवर गाजलेल्या डिझेल गॅरेजवाल्यांना कोर्टात खेचले, आणि २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना आठ लाखांहून अधिक डॉलरचा दंड केला. त्या डॉक्टरांनी खटला भरला तो प्रसिद्धी आणि नफा या दोहोंसाठी हा व्यापार करणाऱ्यांवर. रस्त्यावर एकट्या चालकाला अडवण्यापेक्षा हे अधिक न्याय्य होते.

आपण काय मागावे?

आता आपल्याकडे वळतो. भारत स्टेज सहामुळे डिझेल मोटारींच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली आणि ऑक्साइडांची २५० वरून ८० वर आली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणण्यात आले. त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांवर झालेला खर्च अखेर जनतेनेच सोसला आहे. एवढे करून गाळणीच फोडून टाकायची, तर हा सारा खर्च पाण्यात गेला म्हणायचा.

कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनात मनमानी फेरफार करण्यास बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण तपासणी कोणती? पीयूसीच्या टपरीवर डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे एवढेच पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत आणि अतिसूक्ष्म कण मोजण्याची सोय नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत गाळणी जागेवर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहायला सुरुवात केली, पण पोकळ डब्याने ती परीक्षा सहज पार पडते. म्हणून नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने त्याच वर्षीच्या जुलैपासून कण मोजणारे यंत्र नियमित तपासणीत आणले. इंजिन संथ चालू ठेवून थोड्याच वेळात गाळणी शाबूत आहे की फुटली ते त्यावर कळते.

तेव्हा आपल्या मागण्या मी अशा मांडतो. पहिली, दोष वाचण्याची आणि पुसण्याची आज्ञावली व साधने कोणत्याही प्रशिक्षित मिस्त्रीला वाजवी दरात मिळावीत. त्यासाठी आयटीआयमधून या उपकरणांचे शिक्षण द्यावे. दुसरी, धूरनियंत्रक उपकरणांची पूर्ण हमी, सुटे भाग आणि मजुरी यांसह, कारखानदाराने घ्यावी, आणि ती गाडीच्या खऱ्या आयुष्याशी जुळणारी असावी. शहरातील संथ फेऱ्यांसाठी विकलेली गाडी त्या फेऱ्यांत तुंबत असेल, तर तो चालकाचा नव्हे, गाडीचा दोष मानावा. तिसरी, एसटीची आगारे आणि वाहतूक नगरे येथे गाळण्या साफ करण्याची सार्वजनिक केंद्रे ना-नफा तत्त्वावर उभारावीत. चौथी, पीयूसीत कण मोजण्याची यंत्रे आणावीत आणि ती तपासणी टप्प्याटप्प्याने, दुरुस्तीची संधी देऊन लागू करावी. पाचवी, कारवाईचा क्रम उलटा करावा. आधी फसव्या आज्ञावलीचे कारखानदार, मग फसव्या साधनांचे घाऊक विक्रेते, मग गाड्यांचे ताफे बाळगणारे मालक, आणि सर्वांत शेवटी एका गाडीचा धनी. सहावी, मालवाहतुकीचे दर ठरवताना युरिया आणि देखभाल यांचा खर्च माल पाठवणाऱ्याकडून वसूल व्हावा. माल त्याचा, नफा त्याचा, तर धूर स्वच्छ करण्याचा खर्चही त्याचाच.

साथींनो, कोणी म्हणेल की या मागण्या पुऱ्या होईपर्यंत चालकाने काय करावे? त्याला माझ्याजवळ गोड उत्तर नाही. गाळणी काढू नकोस, एवढेच आपण त्याला सांगू शकतो, आणि ते सांगण्याचे मोल आपल्याला मोजावे लागेल. अधिकृत वर्कशॉपने अवाच्या सवा बिल केले तर त्याच्याबरोबर जाऊन बसावे लागेल, हमी नाकारली तर ग्राहक मंचात त्याची तक्रार चालवावी लागेल, आणि तालुक्या-तालुक्यात बंद पडलेल्या गाड्यांची नोंद ठेवावी लागेल: कोणती गाडी, किती किलोमीटरला, कोणत्या दोषाने, किती खर्च. टीमस्टर्सच्या पेन्शनच्या रजिस्टराने पुढे डिझेलच्या धुराविरुद्ध साक्ष दिली, हे तुम्ही आताच ऐकलेत. आपल्या वहीनेही तसे एखादे काम होऊ शकेल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुका प्रतिनिधीने निदान दहा गाड्यांची अशी नोंद बरोबर आणावी, एवढी माझी विनंती आहे.